तिसरा अभिप्राय

त्रुहियो शहरातल्या विद्यापीठाच्या त्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला आम्ही सगळे नोकरी सांभाळून जायचो. एकाआड एक शुक्रवारी दुपारी दोनपासून, आणि शनिवारी दिवसभर. पहिल्या वर्षी वित्त, उत्पादन, बाजारपेठ. दुसऱ्या वर्षी नेतृत्व. नेतृत्वात चौफेर मूल्यमापन असतं. आपला साहेब, बरोबरीचे आणि हाताखालचे, सगळ्यांना संगणकावर किंवा फोनवर प्रश्नावली जाते आणि उत्तरं नावांशिवाय, बंद पाकिटात आपल्या हाती येतात. हाताखालच्यांचं पान मात्र किमान तिघांनी उत्तर दिलं तरच छापतात. दोघंच असले तर कोण काय बोललं ते लगेच कळतं.

आमच्या गटातल्या नेलिदा उआमांचुमोच्या हाताखाली दोघंच उरले होते. ती चिंबोतेच्या एका मासळीपूड कारखान्यात उत्पादनप्रमुख. तिचे पाळीप्रमुख तीन: विल्मर, ग्रिसेल्दा आणि तेओफिलो चाफ्लोके. एप्रिलमध्ये तेओफिलो मासळीच्या पाण्याच्या खड्ड्यात अडकलेला पंप सोडवायला उतरला आणि आत साचलेल्या वायूने गेला. कंपनीच्या वकिलाने नेलिदासाठी जबाब तयार ठेवला होता: तो लेखी परवान्याशिवाय, स्वतःच्या मनाने उतरला. जूनमधल्या एका सोमवारी कामगार निरीक्षकासमोर तिने त्यावर सही करायची होती. जबाब खोटा होता. "उतर, कागद मागून पाठवते," असं तिनेच त्याला फोनवर सांगितलं होतं. गटातल्या आम्हा दोघांना, ऑस्करला आणि मला, तिने हे मे महिन्यात सांगितलं. सही केली नाही तर नोकरी जाणार. केली तर तेओफिलो कायमचा आपल्याच मरणाचा दोषी ठरणार.

पाकिटं मिळाली ती त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी, सकाळी.

"माझं पान कोरं येणार," नेलिदा म्हणाली.

"नशीबवान आहेस," ऑस्कर म्हणाला. त्याचा शतावरीचा कारखाना आहे. "माझ्या माणसांनी लिहिलंय, बैठकीत जेवण चांगलं असतं. दोन वर्षं नेतृत्व शिकून एवढीच कमाई."

नेलिदाने पाकीट फोडलं. पान कोरं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात छापलं होतं: उत्तरं देणारे, तीन.

ती उठून समन्वयक रोक्सानाकडे गेली. मीही गेलो.

"तुम्ही मार्चमध्ये नावं दिली होती, इंजिनिअर बाई," रोक्साना यादी बघत म्हणाली. "तीन दिली, तिघांना पाठवलं, तिघांचं आलं."

"एक जण एप्रिलमध्ये वारलाय."

रोक्सानाने पडद्यावरची यादी खाली सरकवली. "नाव मला दिसत नाही, फक्त वेळ दिसते. दोन उत्तरं मंगळवारची आहेत. एक गुरुवारचं, सकाळचं. बाकीच्यांना दहा मिनिटं लागली. याला चार तास लागलेत."

नेलिदाने व्हरांड्यातूनच विल्मरला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला.

"मी ती प्रश्नावली भरली, बाई. ग्रिसेल्दानेही भरली, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. का, काही वाईट आलंय का?"

"तेओफिलोचा फोन कोणाकडे आहे?"

"कोणाकडे असणार? खिशात होता, खालीच पडला. शोधला नाही कोणी. दुसऱ्या दिवशी खड्डा बंदच केला ना."

"त्याची बायको..."

"ती पिउराला गेली माहेरी. संगणकाला हात लावत नाही ती. बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

ती वर्गात परतली. प्राध्यापक साबालेतांचा नियम होता की अभिप्राय गटात मोठ्याने वाचायचा आणि बचावात एक शब्दही बोलायचा नाही. "आभारी आहे" एवढंच म्हणायची मुभा.

ऑस्कर म्हणाला, "नको वाचूस. मी सरांशी बोलतो."

तिने वाचलं. दोन अभिप्राय साधे होते, विल्मर आणि ग्रिसेल्दाचे म्हणून ओळखू येणारे. तिसऱ्यात सगळीकडे पाचपैकी पाच गुण होते. खाली तीन प्रश्न होते. काय चालू ठेवावं? "बाई स्पष्ट सांगतात. कागदासाठी थांबवून ठेवत नाहीत." काय बंद करावं? तिथे काही नव्हतं. काय सुरू करावं? "वर थांबावं. इथून हाक मारली तर ऐकू जात नाही. अजून मारतो आहे."

"तक्रार करायचा सूर नाही यात," मागे येऊन उभे राहिलेले साबालेता म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "प्रेमाने लिहिलंय. असा माणूस सांभाळा."

"आभारी आहे," नेलिदा म्हणाली. ती प्राध्यापकांकडे बघत नव्हती.

शेवटच्या शब्दांपर्यंत तिचा आवाज नीट होता. मला खटकलं ते वेगळंच. "वर थांबावं" या ओळीवर ती दचकली नव्हती. ही ओळ तिला आधीपासून ठाऊक असावी, असा तिचा चेहरा होता.

सोमवारी मी तिला गाडीतून निरीक्षकाकडे नेलं आणि तिच्याशेजारी बसलो. वकिलाने कागद पुढे सरकवला. तिने तो उलटा ठेवला आणि निरीक्षकाला म्हणाली, "हुकूम माझा होता. साडेअकराला, फोनवर."

वकील उठून बाहेर गेला. निरीक्षक वयस्कर होता, हळू लिहायचा.

"तो काही म्हणाला?"

"म्हणाला, इंजिनिअर बाई, वर तुम्ही आहात ना? वायू आहे, वर कोणीतरी हवं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"आहे म्हणाले."

"आणि होतात?"

"नाही. गाडी महामार्गाला लागली होती. मला दोनला वर्गात पोचायचं होतं."

हे तिने आम्हालाही सांगितलं नव्हतं. निरीक्षकाने विद्यापीठाकडून त्या शुक्रवारचं हजेरीपत्रक मागवलं, आणि ते ओळखायला मला बोलावलं. नेलिदाची सही दोनला दहा कमी असतानाची आहे, तिच्याखाली माझी. त्या दिवशी नेतृत्वाच्या तासाला कामाचा वेळ कसा वाचवावा यावर तिने वीस मिनिटं मांडणी केली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तिचा फोन बंद होता. वर्गात तसाच नियम आहे.