माझ्यातले चुकलेले एक अक्षर

मी एक जुने जनुक आहे. मित्रांनो, तुमच्या पेशींत आमच्यासारख्या हजारो सूचना लिहिलेल्या असतात. माझी सूचना स्नायूंना लागणारे एक प्रथिन घडवण्याची. त्यात सेलेनियम या मूलद्रव्याचा एक कण बसवावा लागतो. तो कुठे बसवायचा, हे तीन अक्षरांची खूण सांगते. इतर जनुकांत हीच खूण म्हणजे ‘थांबा’. माझ्यात मात्र ‘कण बसवा आणि पुढे चला’. म्हणून माझ्या जिवाला कायम घोर. एखादे अक्षर बदलले की काम तिथेच ठप्प.

नेमके तेच झाले. मी एका शिंप्याकडून त्याच्या मुलीत, चिमणीत, आले, ते चूक घेऊनच. आईकडून आलेली माझी जोडीची प्रतही तशीच निघाली. आईवडिलांकडे एकेक चांगली प्रत होती, म्हणून ते ठणठणीत. चिमणीच्या वाट्याला मात्र दोन्ही चुकलेल्या.

चिमणीने मान उशिरा धरली. पुढे पाठ ताठ होत गेली, हनुवटी छातीला टेकेना. शाळेत व्यायामाच्या बाईंना वाटले, पोरगी मुद्दाम वाकत नाही. त्यांनी तिला रांगेबाहेर उभे केले. चिमणीने घरी चकार शब्द काढला नाही. मी आत तळमळत होते. दोष माझा, शिक्षा तिला, आणि मला बोलायला तोंड नाही!

रोज सकाळी तिचे डोके ठणके. एकदा गणवेशाचे माप घेताना शिंप्याने तिला मान खाली घालायला सांगितले. तिचे डोळे भरून आले.

“बाबा, मला वाकताच येत नाही. मी नाटक नाही करत.”

शिंप्याने टेप बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याने दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिचा श्वास मोजला. झोपेत तो अपुरा पडत होता, म्हणूनच सकाळी डोके दुखे. रक्त तपासणीला गेले. कित्येक आठवड्यांनी माझे अक्षर न् अक्षर वाचले गेले आणि चूक सापडली. यावर औषध नाही, पण झोपताना श्वासाला यंत्राचा आधार देता येईल, असे त्यांनी समजावले.

“चूक कुणाची?” शिंप्याने विचारले.

“कुणाचीच नाही. पण आता आधार द्यायला उशीर केला, तर ती चूक आपली.”

यंत्राचा मुखवटा लावून झोपू लागल्यावर चिमणीची डोकेदुखी थांबली. पाठ ताठच राहिली. शिंप्याकडून सारे कळल्यावर शाळेत व्यायामाच्या बाई तिच्या बाकाशी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “मी आधी विचारायला हवं होतं.”

मित्रांनो, मला अजूनही स्वस्थता नाही. माझ्यासारखी कितीतरी जनुके न वाचलेली आहेत, आणि ती ज्यांच्यात आहेत ती मुले कुठेतरी रांगेबाहेर उभी आहेत. त्यांना हट्टी म्हणण्याआधी एकदा जवळ जा आणि विचारा, तुला काही होतंय का?