डाग पखालीला

सखुबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. सुनेला डागायचं ठरलं म्हणजे ठरलं. अमावास्येच्या संध्याकाळी काळुराम भगत येऊन विळा तापवणार होता.

भादव्याच्या उधाणात ठाण्याच्या खाडीचा बांध फुटला आणि सखुबाईचा मुलगा पंढरी वाहून गेला. तेव्हापासून त्याची बायको तुळसा बिघडली. पुलावरून आगगाडी त्या फुटत्या बांधासारखी धडधडली, की पोरीचे हात थरथरत, दात वाजत, छाती भात्यासारखी वरखाली होई. आता त्यांच्या गावात कुणाचं अंग कापलं, की काहीतरी अंगात शिरलेलंच असतं. दुसरं कारण कुणाला सुचेल तर शपथ! पंढरीच शिरलाय तिच्यात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सखुबाईच्या डोळ्यांतून मात्र मुलासाठी टिपूससुद्धा आलं नव्हतं. बाई कसली, खडक आहे, असं लोक कौतुकानं म्हणत.

त्याच अमावास्येच्या सकाळी मिठागरात पाय मारायचे होते. मीठ धरण्याआधी वाफ्याचा चिखल तुडवून घट्ट करावा लागतो. सगळ्यांनी हातात हात धरून ओळीत उभं राहायचं आणि एका तालात पाय टाकायचे. माणसं कमी पडली, म्हणून सखुबाईनं सुनेला ओढत नेलं.

“माझ्या बाजूला उभी रहा गो. नि नाटकं करू नकोस.”

डावा, उजवा. चिखल घोट्यापर्यंत, गार. हळूहळू सगळ्या ओळीचा श्वास एक झाला. तेवढ्यात पुलावर गाडी धडधडली. सखुबाईनं सुनेचा हात आवळला. आता पडतेय ही! तुळसा कापली खरी, पण ओळ थांबली नाही, म्हणून तिचे पायही थांबले नाहीत. कापरं गुडघ्यांतून खाली उतरत गेलं आणि तिनं लांब श्वास सोडला.

गाडी गेली. दोघींचे गुंफलेले हात अजून थरथरत होते.

“अजून कापतेस?”

“मी नाय, आये,” तुळसा हळूच म्हणाली. “तुझा हात कापतोय. गाडी आली की रोज कापतो. मला वाटलं, तुला ठाव हाय.”

सखुबाईनं हात सोडवून घेतला आणि दिवसभर पदराखाली दडवला.

संध्याकाळी काळुरामनं लाल झालेला विळा निखाऱ्यांतून उचलला. तुळसा भिंतीला चिकटली. सखुबाई मध्ये आली आणि तिनं आपला थरथरता हात त्याच्यापुढे धरला.

“माझ्यात कोण शिरलंय, सांग.”

भगत एक पाऊल मागे सरला.

“बोल ना मेल्या! दुखणं हेल्याला नि डाग पखालीला, काय रे? भूत नाय कुठं. पोरगा गेलाय माझा! नवरा गेलाय हिचा!”

आणि तो खडक फुटला. सखुबाई भुईवर बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला, की शेजारीपाजारी धावत आले. भगतानं विळा पाण्यात बुडवला. सखुबाईची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, श्वास काही केल्या सापडेना.

तुळसानं तिचे दोन्ही हात धरले आणि तिला उभं केलं.

“डावा पाय टाक, आये.”

सखुबाईनं टाकला.