माझ्या पोटात सेनापती नव्हता

ऐका हो, मी बोलतोय. सोतगोल गावाच्या वरच्या अंगाला ओढा वळतो ना, तिथला तो गवताळ उंचवटा. अजून माझी छाती धडधडतेय, त्यामुळे बोलणं जरा वेडंवाकडं होईल, सांभाळून घ्या. तीन हजार वर्षं तोंड मिटून बसलो होतो. पण या उन्हाळ्यात जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

आधी माझा जन्म सांगतो. लोखंड म्हणजे काय हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एक पोर तापानं गेली. चार वर्षांची. बापानं पातळ दगडी फरश्या उभ्या रोवून तिच्यापुरती पेटी केली. आईनं तिच्या गळ्यात हिरव्या दगडाच्या मण्यांची माळ घातली, पायाशी घासूनपुसून चकचकीत केलेलं तांबडं मडकं ठेवलं. वर शिळा आली. मग अख्खी वस्ती ओढ्यातले गोटे वाहत राहिली, गोट्यांवर माती. एवढ्याशा पोरीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. असा मी झालो.

पुढे ती माणसं कुठं गेली, देव जाणे. माझ्यावर पाइनची झाडं उगवली, पडली, पुन्हा उगवली.

तीनशे वर्षांपूर्वी प्यो घराणं या खोऱ्यात आलं. त्यांचा मूळपुरुष म्हणे मोठा सेनापती, पण लढायांच्या धामधुमीत त्याचं थडगं कुठं आहे हेच सगळे विसरलेले. त्यांनी भूमी पारखणारा एक बुवा आणला. तो हातात होकायंत्र धरून माझ्याभोवती दोनदा फिरला, दाढी कुरवाळली आणि म्हणाला, "पाठीला डोंगर, पुढ्यात पाणी! इथं साधासुधा माणूस झोपेल होय? हेच तुमचे सेनापती."

मी आतून ओरडत होतो, "अहो, पोर आहे! पोर!" पण मातीचं कोण ऐकतो?

झालं. दर शरदात माझं गवत कापायचं, पुरुषांनी पांढरे झगे घालून रांगेत उभं राहायचं, सुकी मासळी, सुकी बोरं, चेस्टनट, भाताचे गोड वडे मांडायचे, जमिनीला डोकं टेकायचं आणि माझ्यावर तांदळाची दारू ओतायची. "घ्या आजोबा, पोटभर घ्या!" चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर तीनशे वर्षं दारू! माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा. आणि मागणी काय, तर जमिनीचा खटला जिंकू दे. अरे, तिला अजून धड दहापर्यंत मोजता येत नव्हतं!

हा सगळा नैवेद्य रांधायची ती घराण्याची थोरली सून. माहेर हादोंगचं, म्हणून सगळे तिला हादोंगदेक म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा वीसची होती, आता सत्तरी ओलांडलीय. भल्या पहाटे उठून रांधायचं, डोक्यावर टोपली घेऊन चढण चढायची आणि मग बाजूला उभं राहायचं. बायकांना रांगेत जागा नाही.

तिची पहिली मुलगी माल्सुन. माल्सुन म्हणजे 'शेवटची पोरगी'. आता मुलगाच व्हावा म्हणून सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. ती तिसऱ्या वर्षी गोवरानं गेली. आईबापाच्या आधी गेलेलं लेकरू म्हणजे कृतघ्न. त्याला थडगं नाही, नैवेद्य नाही, त्याचं नाव काढायचं नाही. सासऱ्यांनी तिला चटईत गुंडाळलं, काखेत मारलं आणि डोंगराच्या पलीकडच्या उताराला गेले. कुठं ठेवली, ते आईला सांगितलं नाही. तीही विचारू शकली नाही.

एकदा पुरुष जेवत होते, तेव्हा ही माझ्या पाठीशी टेकून बसली आणि पुटपुटली, "आजोबा, तुम्ही मोठे, तुमचं सगळं थाटात झालं. माझ्या पोरीवर चार दगड तरी ठेवले असतील का हो? की कोल्ह्यांनी..." मला पलीकडचा उतार दिसत नाही. दिसला असता तरी काय सांगणार होतो?

आता या उन्हाळ्याचं ऐका. तिचा धाकटा दीर प्यो ग्वांगशिक घराण्याच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याच्या डोक्यात आलं, की सेनापतीच्या थडग्याला सरकारी मान मिळवायचा, वर भलामोठा कोरीव दगड बसवायचा. त्यासाठी खणून बघावं लागतं म्हणाले, तर यानंच उत्खनन करणाऱ्यांना बोलावलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा!

बांगबाई नावाच्या बाई माणसं घेऊन आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या. त्यांनी माझे चार भाग आखले, समोरासमोरचे दोन हळूहळू उतरवले. लहान थापीनं माती खरवडायची, कुंचल्यानं झाडायची, रंग बघायचा. इतक्या हळुवारपणे मला कुणी कधी हात लावला नव्हता. तरी माझा जीव टांगणीला लागला होता.

"प्योसाहेब, ही रचना तुमच्या सेनापतीच्या काळची वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पुष्कळच जुनी आहे."

"वा! जितके जुने तितके थोर!" ग्वांगशिक खूश.

शिळा उचलायच्या दिवशी अख्खं घराणं गोळा झालं. क्रेननं शिळा वर गेली आणि माझ्या पोटात तीन हजार वर्षांनी उजेड पडला. मला भोवळच आली.

ग्वांगशिक वाकून बघतो तर दगडी पेटी जेमतेम दोन-अडीच हात लांब. "हे काय? आजोबा एवढे बुटके होते?"

कुणीतरी फिसकन हसलं. बांगबाई मात्र पेटीच्या काठाशी पालथ्या पडून आत हात घालून माती झाडत होत्या. बऱ्याच वेळानं तळहातावर काहीतरी घेऊन उठल्या. "इथल्या आम्लधर्मी मातीत हाडं टिकत नाहीत. दात टिकलेत. दुधाचे दात आहेत. चारेक वर्षांचं मूल. तीन हजार वर्षांपूर्वीचं."



ग्वांगशिक बाईंच्या कानाशी लागला, "झाकण ठेवा परत. कुणी काही पाहिलं नाही. अहो, दगडावर नाव कोरून झालंय!"

"तसं करता येत नाही, साहेब."

तेवढ्यात हादोंगदेक हसायला लागली. पोट धरून हसली. "अगं बाई गं! पन्नास वर्षं कंबर मोडून मी रांधलं, ते एका पोरीसाठी? आणि तुम्ही सगळे दाढ्या हलवत तिच्या पाया पडत होता?"

"वहिनी, गप्प बसा!"

"गप्प बसूनच म्हातारी झाले मी." तिचं हसू थांबलं. ती बांगबाईंकडे वळली. "बाई, हे सगळे दगड त्या एका पोरीसाठी आणले?"

"मुलगा की मुलगी, ते अजून सांगता येत नाही, आजी. पण हो, तिथं आणखी कुणीच नाही. सगळी वस्ती राबली असणार."

"मुलगीच आहे," ती म्हणाली. बरोबर ओळखलंस गं बाई! "आमचे मामंजी म्हणायचे, मेलेल्या लेकराला थडगं करायचं नाही, ही फार जुनी रीत आहे. म्हणजे किती जुनी हो? याच्याहून जुनी?"

 

मला खरा धक्का पुढंच बसला. तीनशे वर्षांचे नमस्कार संध्याकाळपर्यंत संपले! "परक्याच्या पोरीपुढं कोण डोकं टेकवणार?" म्हणत सगळे उतरून गेले. दात, मणी, मडकं कापसात गुंडाळून संग्रहालयात गेलं. माझी माती पुन्हा रचली, पण आत कुणी नाही. ज्या कामासाठी मला केलं तेच उरलं नाही. फार रडावंसं वाटलं.

या शरदात गवत गुडघाभर वाढलं. कुणी फिरकलं नाही. नैवेद्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी हादोंगदेक आली, एकटी, काठी टेकत. जवळ बरणीत भाताचं गोड पाणी, दोन पिकली पर्सिमन फळं. थेट माझ्यासमोर, पुरुषांच्या जागी बसली.

"पाया नाही पडणार हं, तुम्ही लहान आहात," ती म्हणाली. मला कळेना, माझ्या पोटात तर कुणीच नाही, ही 'तुम्ही' कुणाला म्हणतेय? तिनं दोन वाट्या काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, भरल्या. मग काठीवर जोर देऊन उभी राहिली, पलीकडच्या उताराकडे तोंड केलं आणि गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "माल्सुनऽऽ! ये गं इकडं! घर मिळालंय तुला!"

सोतगोलला आलात आणि माझ्यापाशी थांबलात, तर एवढंच करा: हे कुणाचं थडगं म्हणून कुणी विचारलं, तर माल्सुनचं म्हणून सांगा.