उभं राहण्याची टीप

माझा नवरा कैलाश टीप घेत नाही, हे मला कळलं तेव्हा मी हातातला पोछा बादलीत असा आपटला की अर्धं पाणी लॉबीत सांडलं आणि ते परत मलाच पुसावं लागलं. हॉटेलातला ड्रायव्हर आणि टीप घेत नाही! पगार तो काय असतो? वरचे चार पैसे येतात म्हणून तर माणसं हॉटेलात टिकतात.

आम्ही दोघंही एकाच हॉटेलात कामाला होतो. जवाहरनगर ओलांडलं की भंडाऱ्याच्या अलीकडे, हायवेला लागून. कैलाश हॉटेलची गाडी चालवायचा, मी खोल्या साफ करायचे. वरठीहून आम्ही एकाच मोटारसायकलवर यायचो. मी टीप घेते, हे आधीच सांगते. गिऱ्हाईक खोली सोडून गेलं की मी चादरीला हात लावायच्या आधी उशी उचलते. खाली नोट दिसली की त्या माणसाला मनातल्या मनात औक्षवंत हो म्हणते, आणि नाही दिसली तर जे म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात मला कधी लाज वाटली नाही. ज्यांची अंथरुणं दुसरं कोणी आवरतं, त्यांनी लाजावं.

डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरतं. आमदार, साहेब, पत्रकार आणि त्यांच्या मागे फिरणारे लोक असे येतात की नागपुरात हॉटेलची एक खोली मिळत नाही. त्या वर्षी एका विमान कंपनीच्या माणसांनाही तिथं जागा मिळाली नाही. पायलट आणि विमानातल्या मुली, ज्यांना सगळे मिळून 'क्रू' म्हणतात, त्यांची सोय थेट आमच्या हॉटेलात झाली. आमचा मॅनेजर धनंजय भंडाऱ्याचाच पोरगा, पण त्या दिवसांत तो जमिनीवर चालत नव्हता. कैलाशनं त्यांना विमानतळावरून आणायचं आणि पुन्हा नेऊन सोडायचं. तासाभराच्या वरचा रस्ता. येताना ती माणसं दमलेली असायची, गाडीतच झोपायची.

आल्यावर कैलाश पोर्चमध्ये गाडी लावायचा, मागचं दार उघडून सगळ्यांच्या बॅगा उतरवायचा, आणि मग बाजूला जाऊन उभा राहायचा. हात मागे बांधून. शेवटचा माणूस काचेच्या दारातून आत जाऊन लिफ्टमध्ये शिरेपर्यंत तो हलायचा नाही.

ही खोड त्याच्या आईची. माझी सासू गोदावरीबाई दिघोरीला असते. तिथली एसटी गावाबाहेर पडली की तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, वळसा घालून जाते, त्यामुळे ती खूप वेळ दिसत राहते. सासूबाई कोणाला पोचवायला आल्या की एसटी पाळीच्या पार टोकाला जाऊन झाडाआड होईपर्यंत तिथंच उभ्या. जाणारा आपला हात हलवून हलवून दमतो. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा मला वाटलं, ही बाई मी खरंच गेले की नाही याची खात्री करून घेते आहे! पुढं कळलं की या घरातली रीतच ती आहे. पोचवलेला माणूस दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे पाठ करायची नाही. कैलाशनं ही रीत लहानपणी उचलली आणि गाडी हातात आल्यावर तशीच ठेवली. हॉटेलात लागायच्या आधी त्याची स्वतःची जीप होती, तिच्यात बाजाराला जाणाऱ्या बायका असोत नाही तर तालुक्याचे साहेब असोत, उतरलेला माणूस दाराआड होईपर्यंत तो थांबायचा. आमच्याकडे त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

विमानातल्या माणसांना वाटलं.

आधी अंजू नावाच्या मुलीनं त्याला उभा पाहून पन्नासची नोट पुढं केली. कैलाश म्हणाला, "राहू द्या ताई." आणि उभाच राहिला. दुसऱ्या फेरीला तिनं शंभराची काढली. हा पुन्हा "राहू द्या," आणि पुन्हा उभाच. आता तुम्हीच सांगा, त्या पोरीनं काय समजावं? याला कमी वाटतात, हा जास्तीसाठी अडून बसला आहे, असंच ना? मी लॉबी पुसत होते, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पोछा आपटला तो तेव्हाच.

क्रूमध्ये त्यावरून वादही झाला. मी वरच्या मजल्यावर चादरी बदलत होते तेव्हा अंजू आणि दुसरी एक मुलगी खुशबू, दोघी व्हरांड्यात बोलत होत्या. खुशबूचं म्हणणं, कंपनी हॉटेलला पैसे देते, गाडी त्यातच आली, मग आपण वेगळे का द्यायचे? अंजू म्हणाली, बॅग तो उचलतो, कंपनी नाही उचलत. मला बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं की बाई, यात वाद घालण्यासारखं काय आहे? कोणी आपलं ओझं उचललं, आपल्याला झोप लागेल अशी गाडी चालवली, तर आपल्या हातानं त्याला काही द्यावं. पण मी चादर झटकत राहिले, कारण घ्यायला तयार नसलेला शहाणा माझ्याच घरात होता.

दुसऱ्याच दिवशी धनंजयनं कैलाशला काउंटरवर बोलावलं. त्यांचे कॅप्टन, भुपेंद्र नावाचे, त्यांनी तक्रार केली होती. मी फुलदाणी पुसायचं नाटक करत जवळच थांबले.

"कैलाशभाऊ, कॅप्टन म्हणतात तुमी पैशासाठी अडून उभे राहता," धनंजय म्हणाला. "ते आत जाईपर्यंत नजर लावून बसता म्हणे. पोरी अवघडतात."

"मी पैसे मांगितले का कोणाले?"

"मांगितले नाही, पण उभे काहून राहता? उद्या दुपारी ते येऊन राहिले. पोर्चमध्ये सगळ्यांसमोर माफी मागा अन विषय मिटवा. नाही त मले दुसरा ड्रायव्हर पाहावा लागंन."

 कैलाशनं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते धनंजयला कळलं नाही. मला कळलं.

घरी आल्यावर मी भात चुलीवर ठेवला आणि तोंड सोडलं. माझ्या एकटीच्या पगारात घर चालत नाही. जीप विकल्यावर किती महिने हा घरी बसला होता, ते मी विसरले नव्हते.

"घेतली असती नोट त का हात झडले असते? मी घेत नाही का? का मी भिकारीण हाओ?"

"तुह्यी गोष्ट येगळी हाय रुपा," तो म्हणाला. "तू खोली साफ करते, त्याचे ते देतेत. चांगलं करते घेते तं."

"अन तुमी बॅगा नाही उचलत?"

"उचलतो न! बॅगा उचलल्याचे देतीन त घेतो मी. पण तवा कोणी देत नाही. खिशात हात कवा जाते त्यायचा? मी बाजूले उभा रायतो तवा. म्हंजे ते पैसे कायचे झाले? उभं राह्याचे. माह्या मायनं जलमभर लोकं पोचवले. तिच्या हातावर कोणं त्याचे दहा रुपये ठेवले असते त तिनं का केलं असतं?"

मला पाळीवर उभ्या गोदावरीबाई दिसल्या, आणि समोर नोट धरलेला कोणी माणूस. सासूबाईंनी त्याला नोटेसकट तलावात ढकललं असतं. मला हसू आलं, आणि रागात हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

"मंग असं सांगत काहून नाही त्यायले?"

"पाहुण्याले कोणी सांगते का, का मी तुमचा मान ठेवून राहिलो म्हणून?"

मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. तरी मी म्हटलं, "माफी मांगून टाका. दोन शब्दच त हायेत."

"कायची माफी?"

"उभं..." मी सुरुवात केली, आणि वाक्य माझ्याच तोंडात अडकलं. उभं राहिल्याची माफी. कोणी कोणाचा मान ठेवला म्हणून त्याची माफी! माझा सगळा राग तिथल्या तिथं फिरला आणि हॉटेलवर गेला, धनंजयवर गेला, त्या कॅप्टनवर गेला. मी भाताकडे पाहिलं तर तो खाली लागला होता. आम्ही तसाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पोर्चमध्ये आली. धनंजय कोट चढवून आधीच उभा होता. मी लॉबीत पोछा घेऊन, जिथं काल पुसलं तिथंच पुन्हा पुसत होते. कैलाश उतरला, बॅगा एकेक करून खाली ठेवल्या, त्यांचे दांडे वर ओढून दिले. कॅप्टन भुपेंद्र हात बांधून थांबले होते. त्यांना माफीचं माहीत होतं.

"कैलाशभाऊ," धनंजय म्हणाला.

कैलाश सरळ कॅप्टनसमोर गेला आणि त्यानं हात पुढं केला. तळहात वर करून.

"द्या साहेब," तो म्हणाला. "बॅगा उचलल्याचे."

धनंजयचा चेहरा पांढरा पडला.  काल रात्री मी ज्यासाठी याच्याशी भांडले तेच हा करत होता, आणि मला ते पाहवेना. पण हात असा होता की त्यात लाचारी शोधूनही सापडली नसती. बाजारात भाजीवाला पैशासाठी हात पुढं करतो, तसा तो हात होता.

कॅप्टन हसले. मुलींकडे वळून म्हणाले, "देखा? बस यही चाहिए था." त्यांनी पाकिटातून शंभराची नोट काढून त्या हातावर ठेवली. कैलाशनं ती नीट घडी घालून खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, "धन्यवाद साहेब" म्हणाला. आणि मग तो आपल्या रोजच्या जागी गेला. हात मागे बांधले आणि उभा राहिला.

आत कोणीच जाईना. कॅप्टन त्याच्याकडे पाहत राहिले.

"अब क्या? कम पड़ गया?"

"नाही साहेब. भरपूर झाले. तुमी आत जा."

अंजूनं सगळ्यांत आधी बॅग ओढली. दारापाशी तिनं वळून पाहिलं, हा उभाच होता, आणि तिनं घाईघाईनं मान झुकवून नमस्कार केला. मग बाकीच्या गेल्या. कॅप्टन शेवटी. ते माझ्यासमोरून, मी पुसलेल्या ओल्या फरशीवरून बुटांचे ठसे उमटवत गेले आणि लिफ्टमध्ये उभे राहून त्यांनी बाहेर पाहिलं. खिशात पैसे गेलेला माणूस अजून तिथंच होता. कॅप्टनच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं होतं कोण जाणे. लिफ्टचं दार लागलं तेव्हाच कैलाश वळला.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हातात पोछा नसता तर वाजवल्याच असत्या.

धनंजयनं घाम पुसला. तो वाईट पोरगा नाही, पण त्याची मान वरच्यांच्या हातात. तो हळू आवाजात म्हणाला, "ठीक आहे, माफीचं राहू द्या. मी पाहून घेतो. पण आता एक करा कैलाशभाऊ. उद्यापासून बॅगा उतरवल्या का गाडी काढायची. थांबायचं नाही. एवढंच ऐका, नोकरी कुठंच जात नाही."

एवढंच! मला वाटलं, आता हा हो म्हणेल. कोणीही म्हणालं असतं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यानं हो म्हणायला नको होतं. पगार गेला तरी चालेल, पण हो म्हणू नको, असं मी मनात ओरडत होते.

"हे नाही जमत सर," कैलाश म्हणाला. त्यानं आत येऊन गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली. मग माझ्याकडे आला, खिशाचं बटण काढून शंभराची नोट माझ्या हातात दिली. "बॅगांचे हायेत. ठेव. सहाले येतो तुले न्याले."

तो मागच्या बाजूनं मोटारसायकल घेऊन आला आणि फाटकाबाहेर पडला. मी पोछा भिंतीला टेकवला आणि पोर्चमध्ये जाऊन त्याच्या जागेवर उभी राहिले.

"रुपाताई, वरच्या खोल्या व्हायच्या आहेत," धनंजय आतून म्हणाला.

मी हलले नाही. जवाहरनगरकडून फॅक्टरीची बस आली आणि मोटारसायकल तिच्याआड गेली. मी मान वाकडी करून पाहिलं. बस गेली, आणि तो पुन्हा दिसला.

"रुपाताई! काय पाहून राहिल्या? तुमचीही नोकरी नकोशी झाली का?"

"दोन मिनिटं थांबा सर," मी मागे न पाहता म्हटलं. "माणूस पोचवून राहिली."

तो भंडाऱ्याकडच्या वळणापर्यंत बारीक होत गेला. एकदाही वळून पाहिलं नाही त्यानं, पण त्याला माहीत होतं. वळणावर तो दिसेनासा झाला, आणि मग मी पाठ फिरवली.