होडीतली तिसरी जागा

ठिपकी झोपली की घरात दीड तास मोकळा होतो. त्या दीड तासात ठिपकीच्या आईने काय काय करायचं ठरवलेलं असतं: केस धुवायचे, नखं कापायची, चहा गरम असतानाच प्यायचा. त्या दिवशी तिने यातलं काहीच केलं नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, ओट्याला टेकून उभी राहिली आणि जहाज कंपनीचा नंबर लावला. सासूबाई कवळी घट्ट करून घ्यायला दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्या यायच्या आत काम उरकायचं आणि आल्या आल्या त्यांना चकित करायचं, असा साधा बेत होता.

ठिपकीचा बाप त्या जहाजावर पाव भाजतो. सोनोग्राफीच्या चित्रात बोट ठेवून, "हा ठिपका म्हणजे आपलं माणूस?" असं त्यानेच विचारलं होतं. पाचव्या महिन्यात तो गेला. मागे मुलगी झाली, ठिपक्याची ठिपकी झाली, तिला मान धरता यायला लागली, आणि त्याला सुटायचे दिवस आले तेव्हा वरचा बेकर आजारी पडून घरी गेला. कंपनीने याला आणखी चार महिने थांबवून घेतलं. आता दोन महिन्यांनी जहाज इथल्याच बंदरात लागणार होतं, पण फक्त दहा तास, आणि त्यातले नऊ तास तो भट्टीपाशी. मग घरातल्या तिघींनीच आठवडाभर प्रवासी म्हणून चढायचं ठरलं. वरिष्ठांनी त्याला रोज दुपारी दोन तास घरच्यांबरोबर बसायची परवानगी लिहून दिली होती. त्या कागदाचा फोटो फ्रिजला लावलेला होता.

तिकीट काढलं ते सगळ्यात साध्या खोलीचं, बिनखिडकीच्या. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. पण त्या एकदा लिफ्टमध्ये पाऊण तास अडकल्या होत्या आणि तेव्हापासून हातात दोन पिशव्या असल्या तरी चार जिने चढून येतात. बिनखिडकीचं कळल्यावर त्यांनी तीन दिवसांत तीनदा विचारलं, "दार आतून उघडतं ना गं?" तिन्ही वेळा अगदी सहज, दुसरंच काहीतरी बोलता बोलता.

म्हणून सकाळी कंपनीचा मेल आला तेव्हा तिला हर्षच झाला. गॅलरीची खोली, भाडं तेच, आधीचं बुकिंग असलेल्यांनाही लागू, मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.

फोनवरच्या मुलीला जबरदस्त सर्दी झाली होती. "होईल मॅडम, दक्की होईल," ती म्हणाली. "फक्त आधीचं बुकिंग सोडावं लागेल. एकाच फेरीला तीच नावं दोनदा घेत नाही. सोडू?"

"खोली जाणार नाही ना?"

"गॅलरीच्या सोळा दिसतायत मला समोर. सोडू?"

"सोडा," ती म्हणाली. एवढाच शब्द. नंतर दिवसभर तो शब्द तिला कुणीतरी दुसऱ्याच बाईने उच्चारल्यासारखा आठवत राहिला.

पलीकडे बटणं वाजली. पहिलं नाव गेलं. दुसरं गेलं. मग बटणं थांबली. मग पुन्हा वाजली, जरा घाईने.

"मॅडम, तिसरं नाव घेत नाहीये."

"ते बाळ आहे. जहाज सुटायच्या आधी तिला सहा महिने पूर्ण होतात, मी नियम वाचलेत."

"वयाचं नाही. पाळणाही मिळेल. पण..." मुलीने नाक ओढलं. "प्रत्येक खोलीला एक लाइफबोट लावून दिलेली असते. ह्या गॅलऱ्यांच्या होडीत दोनच जागा राहिल्यात."

"मग मी मांडीवर घेईन की."

"मांडी धरत नाहीत."

"अहो, चार महिन्यांची आहे! साडेपाच किलो!"

"बाळ असलं तरी पूर्ण एक धरतात मॅडम. होडीत अर्धं माणूस नसतं."

ठिपकीच्या आईने ओट्याची कड धरली. "राहू द्या मग. आमचं जुनंच परत करा."

आता बटणं खूप वेळ वाजली. "ती खोली गेली," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज सर्दीने होता त्याहून बारीक झाला. "सोडली की सगळीकडे दिसायला लागते. कुणीतरी लगेच उचलली. मॅडम, मी काय करते, ही गॅलरीची दोघांच्या नावावर धरून ठेवते सहापर्यंत. माझा टेबलाचा नंबर घ्या. दोघं कोण ते तेवढं ठरवून सांगा."

दोघं कोण.

फोन ठेवल्यावर ती खोलीत गेली. ठिपकी दोन्ही हात डोक्यावर टाकून झोपली होती. इतके दिवस जहाज म्हटलं की ठिपकीच्या आईच्या डोळ्यांपुढे एक मोठी इमारत यायची, दिव्यांची, पावाच्या वासाची, आणि तिच्यात कुठेतरी पांढऱ्या टोपीत तो. आज पहिल्यांदा त्या इमारतीच्या खाली पाणी आलं. काळं, तळ नसलेलं. माणसं ओळीने उभी, कुणीतरी यादी वाचतंय, होडी दोरांवर लोंबकळतेय, आणि हिच्या कडेवर जे आहे त्याचं नाव यादीत नाही. तिने डोळे मिटले तर ते जास्तच दिसायला लागलं. तिने ठिपकीच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास लागत होता. तरी तिने बोट बाजूला घेतलं नाही.

एक मन म्हणत होतं, नकोच जायला. इतक्या तान्ह्या पोरीला घेऊन पाण्यावर जायचंच कशाला? दुसरं म्हणत होतं, वा, आता घोळ घातलास तर समुद्राला नावं ठेवतेस होय? आणि त्याला काय सांगायचं? त्याने त्या आठवड्याच्या दुपारी दुसऱ्या कुणाबरोबर बदलून घेतल्या होत्या, दोन महिने पहाटेची पाळी एकट्याने करून.

कुलूप वाजलं. सासूबाई चार जिने चढून धापा टाकत आल्या आणि चपला काढायच्या आधी दात दाखवून उभ्या राहिल्या.

"बघ. हलत नाहीत. डॉक्टरला म्हटलं, बाबा रे, पोरगा वर्षाने भेटतोय, त्याच्यापुढे हसले आणि दात हातात आले तर तो परत जहाजावर पळून जाईल."

ती हसली नाही.

"झोपलीय का? दूध प्यायली? तुझं तोंड असं का झालंय?"

"कुठे काय."

"हातात फोन आहे. कुणाचा होता?"

"कुणाचा नाही."

सासूबाईंनी पर्स ठेवली. तिच्याकडे नीट पाहिलं. "त्याला काही झालं?"

"नाही नाही, आई! तसं काही नाही."

"मग बोल. जहाज बुडालं नाही ना? मग बाकीचं सगळं ऐकू शकते मी."

बुडालं हा शब्द ऐकला आणि तिचा बांध फुटला. गॅलरी, सोळा खोल्या, सर्दी, मांडी, पूर्ण एक. ऐकता ऐकता सासूबाई खुर्चीवर बसल्या.

"मला विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता."

"म्हटलंच असतं. मला कुठे बसायचंय गॅलरीत? पाण्याकडे बघून मला गरगरतं." त्यांनी कवळीवरून जीभ फिरवली. मग रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बरं. यात एवढं रडण्यासारखं काय आहे? तू आणि ठिपकी जा. मी राहते."

तिला ह्याचीच भीती होती. सासूबाई भांडल्या असत्या, चार शब्द टाकून बोलल्या असत्या, तर सोसलं असतं. पण त्या उठल्या, पर्समधून डॉक्टरने दिलेली कवळीची नवी डबी काढली आणि प्रवासाच्या बॅगेऐवजी कपाटाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

"आई, ती डबी खाली घ्या."

"राहू दे तिथं."

"खाली घ्या म्हणते ना!"

आवाज इतका चढला की ठिपकी जागी झाली. तिला उचलून थोपटताना, काहीतरी ऐकवावं म्हणून, हिने रोजच्यासारखे त्याचे जुने निरोप लावले. ठिपकी बापाच्या आवाजाला गप्प होते. एक निरोप पिठाचा, एक वादळाचा, एक कुणाच्यातरी वाढदिवसाच्या केकचा. मग हा, किती वेळा ऐकलेला:

"आज कवायत होती. पाव भट्टीत आणि मी चार नंबरच्या होडीपाशी, हातात यादी घेऊन. प्रत्येकाची होडी वेगळी असते, जहाजाच्या त्या त्या भागातली माणसं त्या त्या होडीला. मी एकेक डोकं मोजतो. एक आजोबा दोनदा मोजले गेले, फार खूश झाले..."

ती थोपटायची थांबली.

"आई," ती म्हणाली. "होडी वेगळी असते. त्या त्या भागाची."

"मग?"

तिने मुलीच्या टेबलाचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. "मी सकाळची. ती तीन जणांची. तुम्ही खोली बघूच नका. होडी बघा. कुठल्या होडीत तीन जागा आहेत ते बघा, आणि त्या होडीच्या वाट्याची कुठली का खोली असेना."

पलीकडे एक शिंक. "असं शोधता येत नाही मॅडम. होडी आम्हाला दिसत नाही, नकार आला की मगच कळतं. एकेका भागातली खोली उघडून तिन्ही नावं घालून बघावी लागतील."

"घाला मग."

"माझी जेवणाची सुट्टी लागलीय."

सासूबाई फोनवर वाकल्या. "बाळा, जेव तू. डबा काय आणलायस ते खा आणि खाता खाता बघ. आम्ही कुठे जात नाही. आणि त्या नाकाला वाफ घे जरा."

मुलगी हसली, बहुतेक सकाळपासून पहिल्यांदा. मग बटणं वाजायला लागली. मधला भाग, डावी बाजू: नाही. मागचा भाग, वरचा मजला: दोन. उजवी बाजू: नाही. प्रत्येक नाहीबरोबर ठिपकीच्या आईचा हात ठिपकीच्या पाठीवर घट्ट होत होता, इतका की शेवटी सासूबाईंनी नातीला तिच्या हातातून काढून घेतलं.

"आहे," मुलगी म्हणाली. "तीन घेतोय. पण मॅडम, अगदी खालचा मजला, पुढचं टोक. बिनखिडकीची. आधीच्यापेक्षा लहान आहे. आणि ही घ्यायची तर गॅलरीची सोडावी लागेल. सोडू?"

तोच शब्द. सोडली आणि ही पण गेली तर? मग तिघींपैकी कुणीच नाही. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो खोलीमुळे, हे तिला कळलं. खालचा मजला. पुढचं टोक. लहान.

"आई, खिडकी नाहीये."

"ऐकलं मी. कवळी बसवलीय, कानाला काही झालेलं नाही." त्या फोनकडे वळल्या. "बाळा, दार आतून उघडतं ना?"

"हो आजी."

"मग सोड."

बटणं. एक. दोन. ह्यानंतरचा वेळ किती होता हे ती पुढे कधीच सांगू शकली नाही. सासूबाईंच्या मते ठिपकीने दोन जांभया दिल्या एवढा. त्या तेवढ्या वेळात त्या तिघी कुठल्याच जहाजावर नव्हत्या, कुठल्याच होडीत नव्हत्या.

"तिन्ही घेतली," मुलगी म्हणाली. "तिसरं नाव पण. होडी क्रमांक नऊ."

ठिपकीची आई फरशीवरच बसली. बसल्या बसल्या तिला सुचलं ते तिने विचारायला नको होतं, पण विचारलं. "आमच्या आधीच्या खोलीची होडी कुठली होती हो?"

"थांबा... चार."

तिने आभार मानले, पुन्हा मानले, फोन ठेवला. चार. काही न करता त्या तिघी त्याच्या यादीत होत्या. त्याने पहिल्यांदा पोरीला मोजलं असतं. आता काही झालंच तर तो जहाजाच्या मधल्या भागात दुसऱ्यांची पोरं मोजत उभा असणार आणि ह्या तिघी पुढच्या टोकाला, अनोळखी माणसापुढे. तिने निरोप बोलायला घेतला, दोनदा पुसला, तिसऱ्यांदा सगळं सरळ सांगून टाकलं. माझ्यामुळे झालं, असंही.

चहाच्या वेळेला त्याचं उत्तर आलं. आधी नुसताच भट्टीचा घोंघाट. मग त्याचा आवाज, नेहमीपेक्षा हळू.

"नऊला धुलाईतला माणूस असतो. घरी दोन मुली आहेत त्याला. तो सावकाश मोजतो, त्याला हसतात सगळे." मागे भट्टीचं दार आपटलं. "मी सांगून ठेवतो त्याला. पूर्ण एक म्हणाले ना? पूर्ण एक. बघ, बाळ आपलं केवढं झालं."

तिने तो निरोप ठिपकीच्या कानाशी धरून पुन्हा लावला. भीती गेली नव्हती. कपाटावरची डबी मात्र खाली आली होती. ती बॅगेत कधी गेली हे तिने पाहिलं नव्हतं.

आणि सासूबाई कुठे दिसेनात. बाथरूमचं दार बंद होतं, दिवा बाहेरून बंदच होता.

"आई? दिवा लावू?"

"नको." आतला आवाज जरा वर चढलेला होता. "सवय करतेय. शंभरपर्यंत थांबणार आहे."

"कितीवर आलात?"

"अकरा. बोलू नकोस, चुकते मी."

ती ठिपकीला मांडीवर घेऊन दाराबाहेर जमिनीवर बसली. आतून बारा ऐकू आलं, तेरा ऐकू आलं, मग आकडे लवकर लवकर यायला लागले, एकमेकांना ढकलत. एकवीस, बावीस. मग काहीच नाही. नुसता श्वास, जिने चढून आल्यासारखा.

"तेवीस," ती बाहेरून म्हणाली.

"तेवीस," आतून आलं.

"चोवीस, आई. सावकाश."