तारांवरचे दूध

मी एक जुना पिंजरा आहे. टोरांटोमधल्या एका गल्लीत, गॉर्ड व्हिटलॉक नावाच्या निवृत्त प्लंबरच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सगळे छाती फुगवतात. मला मात्र सांगतानाही लाज वाटते.

एका कारखान्यात तारा जोडून, कडी बसवून मला घडवले. गॉर्डने मला आणले ते रॅकून पकडायला. डोळ्यांवर काळी पट्टी आणि हातांना नाजूक बोटे असलेला हा प्राणी आमच्याकडे घरोघरी ठाण मांडून असतो. रात्री बाहेर पडून कचऱ्याच्या डब्याचे झाकण तो चुटकीसरशी उघडतो. माझी कडी मात्र कुणाही रॅकूनला उघडता आली नाही. गल्लीतले लोक मला उसना न्यायचे, माझे कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो.

मे महिन्यात एका दुपारी शेजारची अल्मेरिंदा धावत आली.

"अरे गॉर्ड, रॅकून! भरदुपारी माझ्या अंगणात हिंडतोय मेला!"

"दिवसा हिंडतोय म्हणजे पिसाळलाच असणार. थांब, दहा मिनिटांत बंदोबस्त करतो त्याचा."

"तुझी दहा मिनिटं माहीत आहेत मला. माझा नळ अजून गळतोय!"

गॉर्डने माझ्यात सार्डिन मासे ठेवले. ती रॅकूनची मादी भुकेने सरळ आत शिरली. दार खाडकन पडले आणि मला नेहमीसारखाच अभिमान वाटला. मग ती दाराशी वाकून कडी चाचपू लागली, तेव्हा तिच्या पोटाखालून माझ्या तारांवर काहीतरी कोमट ठिबकले. ते दूध होते. ती पिसाळलेली नव्हती. पिलांना पाजून पाजून तिला दिवसाही भूक लागत होती. मला ते कळले, तरी माझी कडी घट्टच राहिली.

गॉर्डने गाडीतून नेऊन तिला दूरच्या नदीकाठी सोडले. ती झाडीत शिरली नाही. आम्ही आलो होतो त्या रस्त्याने धावत सुटली. ती परत पोहोचलीच नाही.

तिसऱ्या दिवशी अल्मेरिंदा पुन्हा आली. "माझ्या छतात पक्षी अडकलेत का रे? सारखं चिवचिवतंय काहीतरी."

गॉर्ड शिडी लावून वर चढला आणि टोपीत चार पिले घेऊन उतरला. दोन गार पडली होती.

"आधी वर बघायला हवं होतं गं मी," तो म्हणाला.

उरलेली दोन अल्मेरिंदाने लोकरी शालीत गुंडाळली आणि प्राण्यांच्या दवाखान्यात नेली. मी अंगणात रिकामा पडून होतो.

आता कुणी मला मागायला आले, की गॉर्ड सांगतो, "मोडलाय तो." मी मोडलेलो नाही. माझ्यापायी त्या भल्या माणसाला खोटे बोलावे लागते.

मित्रांनो, भरदिवसा रॅकून दिसली, तर माझ्यासारख्याला आणायला धावू नका. आधी छताला कान लावा. आतून चिवचिव ऐकू आली, तर पिले आईमागून चालू लागेपर्यंत थांबा. काही आठवड्यांचाच तर प्रश्न असतो. तेवढे दिवस ते छत तिचे असू द्या.