वरूनच पाहणारी

मित्रांनो, मी एक जुनी तपासणी आहे. फिनलंडमधल्या एका छोट्या नगरपालिकेच्या संगणकातल्या नकाशात माझा मुक्काम. जमिनीखालच्या दोन गोष्टी एकमेकींना छेदतात का, एवढं सांगणं हे माझं काम.

आमच्याकडे जमिनीतली ऊब वर आणून घर उबदार ठेवायला खडकात खोल, बारीक विहिरी पाडतात. शेजाऱ्याच्या विहिरीची ऊब ओढली जाऊ नये म्हणून त्या तिरक्या नेतात. गावाखालून पिण्याच्या पाण्याचं भुयार जातं. त्याला भोक पडू नये म्हणून प्रत्येक विहीर आधी माझ्यापुढे येई. रोज सकाळी मी हा नेम पाळत असे. नकाशे सांभाळणारा यार्मो म्हणायचा, "ही आहे म्हणून मी निवांत झोपतो." मी फुलून जायचे.

खरं तर मला लांबी-रुंदी तेवढी कळे. कुणी खोलीचे आकडे दिले, तर मी ते गुपचूप टाकून देई, आणि टाकले असं सांगतही नसे.

एका हिवाळ्याच्या तोंडावर गावातल्या लेम्पीआजींची घर तापवणारी तेलाची भट्टी कायमची विझली. त्यांनी विहिरीची परवानगी मागितली. वरून पाहता त्यांच्या विहिरीची रेघ भुयारावरून जात होती. मी म्हणाले, छेदते. परवानगी नाकारली गेली.

आजी कचेरीत आल्या. "यार्मो, लहानपणी माझ्याकडे गरम पाव खायला यायचास. आता मला गारठवतोस होय रे?"

"आजी, मी काय करू? मशीनच नाही म्हणतंय."

"मग त्यालाच धाड माझ्याकडे झोपायला. एक घोंगडी जास्तीची आहे."

आजींनी थंडी स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या चुलीपाशी काढली. बाकीच्या खोल्यांतले नळ गोठून फुटले, तेव्हा मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला.

वसंतात आइला नावाची मुलगी कामावर आली. तिनं नकाशा आडवा करून बाजूनं पाहिला. "अहो यार्मो, विहीर तर भुयाराच्या कितीतरी खालून जातेय! पुलाखालून होडी गेली तरी ही बया टक्कर झाली म्हणेल!"

यार्मो हसला नाही. त्यानं लगेच आजींना फोन लावला.

"आता कशाला रे?" आजी म्हणाल्या. "घर विकलं मी. नवी माणसं हिवाळ्याआधी राहायला यायची नाहीत. परसातली सफरचंदं पिकली की काढून ने, वाया जातील."

मित्रांनो, आइलानं मला खोली शिकवली आहे. तरी सांगते, माझ्यासारखी कुणी 'नाही' म्हणाली, तर लगेच मान डोलावू नका. त्या नकारापायी एखादं माणूस दारात उभं असतं. नाही म्हणणारीनं काय पाहिलं आणि काय टाकून दिलं, ते आधी विचारा.

आजींच्या घरात नवी माणसं आली. त्यांनी तिथंच, तशीच तिरकी विहीर मागितली. मी म्हणाले, छेदत नाही. खरं उत्तर देताना इतकी शरम मला कधीच वाटली नव्हती.